हासनची धडकी आणि ईसीजीची रांग

२०२५च्या जुलैमध्ये म्हैसूर आणि बंगळूरु इथल्या जयदेव हृदयरोग संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात अचानक गर्दी उसळली. रांगेतल्या बहुतेकांना काहीच झालेलं नव्हतं. शेजारच्या हासन जिल्ह्यात साधारण चाळीस दिवसांत वीसहून अधिक माणसं हृदयविकारानं गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यात काही विशी-तिशीतली होती आणि प्रत्येक बातमीसोबत मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. लोक घाबरले आणि छाती तपासून घ्यायला आले. गर्दी करू नका, घाबरू नका, असं आवाहन डॉक्टरांना करावं लागलं. ज्यांना खरोखर तातडीनं उपचार हवे होते, ते याच रांगेत मागे पडत होते.

पुढचं राजकारण आपल्याला ठाऊक आहे. कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी करोना लशीच्या घाईघाईच्या मंजुरीकडे बोट दाखवलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं लगोलग आयसीएमआरच्या अभ्यासाचा हवाला देऊन ते फेटाळलं. राज्यानं जयदेव संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिला एकच एक कारण सापडलं नाही. सापडले ते नेहमीचेच धोके: मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, दारू. लशीशी संबंध आढळला नाही. बातमी तिथं संपली. रांगेतल्या माणसांचं काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण ही रांग हासनपुरती नाही. नवरात्रात गरबा खेळताना कोसळलेला तरुण, जिममध्ये ट्रेडमिलवरून खाली आलेला गडी, लग्नात नाचता नाचता बसलेला काका, अशा चित्रफिती आपल्याही घरच्या ग्रुपवर रोज येतात. त्या पाहिल्यावर रात्री अकरा वाजता छातीत जरा कळ आली, तर ‘गॅसेस असतील’ म्हणून कूस बदलणारा माणूस आता उठून बसतो. मनगटावरच्या घड्याळात नाडी बघतो. ती ९६ असते. ९६ बघून ती ११० होते. मग घरचे रिक्षा बोलावतात.

दवाखान्यात ईसीजी निघतो, तो नॉर्मल असतो. डॉक्टर सांगतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ माणूस घरी येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आपल्या आरोग्यव्यवस्थेत हृदय आणि मन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पडलेली माणसं ती हीच. त्यांना कुणी खोटं सांगितलेलं नसतं, पण पुरतं खरंही सांगितलेलं नसतं.

आधी त्या आयसीएमआरच्या अभ्यासाबद्दल, कारण त्याचा उल्लेख खूप होतो आणि तो वाचला कमी जातो. देशभरातल्या ४७ मोठ्या रुग्णालयांच्या परिसरात १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट असलेल्या आणि अचानक मरण पावलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली गेली. त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या २,९१६ जिवंत माणसांशी तिची तुलना झाली. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: मरणाआधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू, अमली पदार्थ, अचानक केलेले अतिश्रम, करोनामुळे रुग्णालयात राहावं लागल्याचा इतिहास आणि घरात कुणाचा तरी असाच आकस्मिक मृत्यू. लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये तो कमीच होता. चित्रफितींमुळे घाबरलेल्या पोरासोरांना या यादीतून बरंच काही कळण्यासारखं आहे. पण यादी सांगून भीती जात नाही, हेही तितकंच खरं.

मग ही भीतीच हृदयाला इजा करते का? आपल्या भाषेनं या प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन टाकलंय. ‘काळजी’ आणि ‘काळीज’ हे शब्द एकमेकांना चिकटून आहेत. आपल्याकडे माणूस धसका घेतो आणि ‘धसक्यानं गेला’ असंही आपण सरळ म्हणतो. विज्ञानाला मात्र हे सिद्ध करायला बराच घाम गाळावा लागला, आणि मध्ये एक मोठी ठेचही लागली.

ती ठेच आधी सांगतो. १९५०च्या दशकात मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी कर सल्लागारांचा अभ्यास केला. अमेरिकेत १५ एप्रिल ही विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख. ती जवळ आली की या मंडळींचं कोलेस्टेरॉल वाढायचं, रक्त लवकर गोठायचं आणि हंगाम सरला की सगळं खाली यायचं. आपल्याकडच्या कुठल्याही सीएला जुलै महिन्यात विचारा, तो हसेल. यातूनच १९५९ साली ‘टाइप ए’ ही कल्पना आली: सतत घाईत, चढाओढीत असलेला, चिडका माणूस आणि त्याचं दुखावणारं हृदय. कल्पना तुफान लोकप्रिय झाली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकेना. नंतर तंबाखू कंपन्यांची कागदपत्रं उघडी पडली, तेव्हा कळलं की या संशोधनाला त्या उद्योगानं वर्षानुवर्षं पैसा पुरवला होता. हृदयविकाराचं खापर स्वभावावर फुटलं की सिगारेट सुटते, असं साधं गणित. ‘टेन्शनमुळे अटॅक येतो’ हे वाक्य कुणी फार सहज उच्चारलं, की मला ही गोष्ट आठवते. त्या वाक्याआड बिडी लपू शकते.

तरीही पुरावा आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. एक क्षणाचा, एक वर्षानुवर्षांचा. या दोहोंची सरमिसळ झाली की गोंधळ होतो.

क्षणाचा पुरावा भूकंपातून मिळाला. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजला भूकंप झाला. त्या कौंटीत हृदयरोगानं होणारे आकस्मिक मृत्यू आदल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते; त्या दिवशी ते २४ झाले. यातले फक्त तीन जण धावपळ किंवा जड काम करत होते. बाकीच्यांना मारलं ते भीतीनं. पण त्याच अभ्यासातली पुढची ओळ सहसा कुणी सांगत नाही. भूकंपानंतरच्या सहा दिवसांत हे मृत्यू नेहमीपेक्षाही कमी झाले, दिवसाला सरासरी २.७. म्हणजे त्या पहाटे गेलेल्यांपैकी काही जण आधीच काठावर होते. भूकंपानं त्यांना काही दिवस आधी ढकललं. भीतीनं निरोगी हृदय फोडलं नाही, आजारी हृदयाचा धागा तोडला.

२००६च्या फुटबॉल विश्वचषकातही हेच दिसलं. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी पाहिलं, की जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या घटना नेहमीच्या २.६६ पट होत; पुरुषांत तीनपटीहून जास्त. आधीच हृदयविकार असलेल्यांमध्ये वाढ चौपट होती आणि सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत धोका सर्वाधिक. क्रिकेटच्या बाबतीत आपल्याकडे असं कुणी मोजायला हवं.

शरीरात तेव्हा काय घडतं ते आता बऱ्यापैकी माहीत आहे. अॅड्रेनलीन उसळतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्तातल्या चपट्या पेशी चिकट होतात. धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा जुना थर असेल तर तो या ताणानं फुटू शकतो आणि फुटलेल्या जागी गुठळी धरते. विजेची लय आधीच नाजूक असेल तर ती बिघडते. धमन्या स्वच्छ असतील तर यातलं बहुतेक काही न होता सगळं पुन्हा खाली येतं. एक अपवाद आहे. जपानमध्ये १९९० साली डॉक्टरांनी एक वेगळाच प्रकार नोंदवला: मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो आणि आकुंचनच पावत नाही. क्ष-किरण चित्रात तो कप्पा ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘ताकोत्सुबो’ हे नाव पडलं. रुग्णांमध्ये पाळी गेलेल्या स्त्रियाच जास्त. धमन्या मोकळ्या असतात, बहुतेक जणी काही आठवड्यांत सावरतात, पण सगळ्याच नाही. नवरा गेल्याच्या दिवशी छाती धरून बसलेल्या बाईला ‘दुःखानं होतंय’ म्हणून नुसतं पाणी पाजणं किती महागात पडू शकतं, ते यावरून कळावं.

आता वर्षानुवर्षांचा पुरावा. २००४ साली ५२ देशांमधला ‘इंटरहार्ट’ अभ्यास आला. त्यानं हृदयविकाराच्या झटक्यामागची नऊ कारणं ठरवली, आणि त्यांत धूम्रपान, मधुमेह यांच्या पंगतीत मानसिक-सामाजिक ताणालाही पाट मांडला. आपल्यासाठी त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची. दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका मध्यमानानं ५३व्या वर्षी येत होता, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. पण या अभ्यासाची एक दुखरी बाजू आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाला विचारलं होतं, की गेल्या वर्षी तुम्हाला ताण होता का. आता खाटेवर पडलेला माणूस ‘नव्हता’ असं कशाला म्हणेल?

म्हणून मला स्वीडनचा एक अभ्यास जास्त पटतो. १९६९-७० मध्ये लष्करी भरतीसाठी आलेल्या सुमारे ४९ हजार तरुणांची तपासणी झाली. ज्यांच्यात मानसिक तक्रार दिसली त्यांचं निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केलं. वय १८ ते २०. हृदयविकाराचा मागमूसही नाही. मग ३७ वर्षं त्यांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. विशीत चिंताविकाराचं निदान झालेल्यांना पुढे हृदयविकार होण्याचा धोका, धूम्रपान वगैरे वजा करूनही, दुपटीहून जास्त निघाला. नैराश्याचं तसं नव्हतं. आणि २०१० साली अडीच लाखांच्या आसपास लोकांवरचे २० अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा चिंताग्रस्त माणसांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त आढळला.

२६ टक्के म्हणजे किती? समजा, चाळिशीतल्या शंभर जणांपैकी पुढच्या दहा वर्षांत चौघांना हृदयविकार होणार असेल, तर हे शंभरही जण चिंताग्रस्त असते तर पाच जणांना झाला असता. धूम्रपान किंवा मधुमेहासमोर हा आकडा लहान आहे. पण चिंता करणारी माणसं आपल्याकडे किती, याचा विचार केला की लहान आकड्याचाही ढीग होतो.

आता उलट बाजूनं. ब्रिटनमध्ये सात लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दुःखी आणि तणावग्रस्त स्त्रिया लवकर मरतात असं वरवर दिसत होतं. पण त्यांची आधीची तब्येत, सिगारेट, परिस्थिती हे सगळं हिशेबात धरल्यावर फरक उरलाच नाही. आजारपणानं माणूस दुःखी होतो, दुःखानं आजारी नव्हे, असं त्या संशोधकांचं म्हणणं. हा अभ्यास चिंताविकाराचा नव्हता, त्यामुळे स्वीडनचा निष्कर्ष त्यानं खोडला जात नाही. पण सावध नक्की करतो. चिंता आणि हृदय यांच्यामधला बराचसा रस्ता साध्या गोष्टींतून जातो. धास्तावलेला माणूस झोपत नाही. सिगारेट ओढतो. ‘धाप लागली तर?’ या भीतीनं चालणं बंद करतो. रक्तदाब मोजायला जात नाही, कारण काय निघेल याची धास्ती. हृदय या सगळ्यानं बिघडतं.

शिवाय एक सरळ रस्ताही असावा. २०१७ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २९३ जणांचे मेंदूपासूनचे स्कॅन तपासले. मेंदूत भीतीचा घंटानाद करणारा अमिग्डाला हा बदामाएवढा भाग ज्यांच्यात जास्त जागा होता, त्यांच्या अस्थिमज्जेची हालचाल वाढलेली होती, धमन्यांमध्ये दाह जास्त होता आणि पुढच्या काही वर्षांत त्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात जास्त झाला. माणसं थोडी होती, घटना तर केवळ २२. तरी मेंदूपासून धमनीपर्यंतची साखळी एकाच माणसात दिसली, हे विशेष.

हे सगळं मान्य केलं तर पुढचा प्रश्न व्यवहाराचा: मनावर उपचार केले तर हृदय वाचतं का? इथं उत्तर आपल्याला हवं तसं नाही. अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या २,४८१ जणांवर ‘एनरिच्ड’ नावाची चाचणी झाली. नैराश्य किंवा एकटेपणा असलेल्या निम्म्या रुग्णांना मानसोपचार दिले. मन थोडं सुधारलं; मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत काडीचाही फरक पडला नाही. दुसरीकडे स्वीडनमधल्या उप्साला इथं ३६२ रुग्णांपैकी काहींना वर्षभर लहान गटांत बसवून ताण आणि घाई हाताळायला शिकवलं, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांच्यात हृदयाच्या घटना ४१ टक्क्यांनी कमी झाल्या. हा अभ्यास लहान आहे. त्यावर धोरण उभारता येणार नाही. माझं मत विचाराल तर, चिंतेवर उपचार हृदय वाचवण्यासाठी करायची गरजच नाही. ती चिंता आहे, माणसाला जगू देत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. हृदयाला फायदा झाला तर तो वरचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिदच्या अधिवेशनात युरोपीय हृदयरोग संघटनेनं मानसिक आरोग्य आणि हृदयविकार या विषयावर प्रथमच स्वतंत्र सहमतीपत्र काढलं. हृदयरुग्णाच्या मनाची चाचपणी नियमितपणे करा आणि हृदयरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांना एकाच चमूत बसवा, असा त्याचा सांगावा. आपल्याकडे हे कागदावर अवघड नाही. रक्तदाब-मधुमेह-हृदयविकारासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचे दवाखाने जिल्हा रुग्णालयात आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासून आहे, त्याची ओपीडीही बहुतेकदा त्याच इमारतीत असते. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चिठ्ठी जात नाही. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी एखादा मानसिक विकार होता आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. ज्याचा ईसीजी तीनदा नॉर्मल आला, त्याच्या केसपेपरवर ‘मानसोपचार ओपीडी’ एवढे दोन शब्द लिहायला काही खर्च येत नाही. लिहिले जात नाहीत, कारण लिहिणाऱ्याला वाटतं रुग्ण रागावेल: ‘मला काय वेडा समजता?’ आणि बऱ्याचदा तो रागावतोही.

उलट बाजूची चूक याहून घातक. ‘हे टेन्शनच आहे’ असं आधीच ठरवून टाकणं. स्त्रियांच्या बाबतीत ही चूक जास्त होते, कारण त्यांना झटक्यात छातीत दुखण्याबरोबर मळमळ, धाप, पाठ किंवा जबडा दुखणं, कमालीचा थकवा अशी लक्षणं जास्त दिसतात; आणि घरात त्यांची ओळख ‘फार विचार करते’ अशी आधीच पक्की झालेली असते. भीतीचा झटका, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागतो. हृदयविकाराचं दुखणं तसं आपणहून विरत नाही, चालल्यानं वाढतं, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतं, घाम फुटतो. पण हा फरक लिहायला सोपा, रात्री दोन वाजता करायला अशक्य. पहिल्यांदाच असं होत असेल, वय चाळीसच्या पुढे असेल, मधुमेह असेल किंवा घरात कुणाला लवकर झटका आलेला असेल, तर दवाखान्यात जायचंच. आणि एकदाच काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी यायचं नाही. रक्तातलं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतरानं दोनदा तपासलं जातं, ते उगीच नाही.

हृदय ठीक निघालं, तरी धडधडीची आणखी साधी कारणं शोधायची असतात. थायरॉइड वाढलेला असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, दिवसाला आठ कप चहा असेल. तेही नसेल, तर चिंताविकार हे एक निदान आहे, ‘काही नाही’ नव्हे. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत, औषधं आहेत. त्यांतली नेहमीची काही औषधं हृदयरुग्णांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षितपणे देता येतात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली झोपेची गोळी हा उपचार नव्हे; ती सवय लावते आणि एकदम सोडली तर धडधड दुपटीनं परत येते. रोजचं भरभर चालणं मन आणि हृदय दोघांनाही लागू पडतं, फक्त आधी ‘हृदय ठीक आहे’ हे कुणीतरी नीट बसवून, वेळ देऊन सांगावं लागतं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांनाही शारीरिक आजारांच्या बरोबरीनं मानसिक आजारांना संरक्षण देणं बंधनकारक केलंय. प्रत्यक्षात दावा करायला गेलात तर किती कागद मागतात, तो वेगळा लेख होईल.

राहिली ती घड्याळं आणि चित्रफिती. माझ्या ओळखीतल्या एका पस्तिशीतल्या मुलानं दोन महिन्यांत चार ईसीजी, एक टू-डी एको आणि एक स्ट्रेस टेस्ट केली. सगळं चोख. पाचव्या वेळी एका म्हाताऱ्या फॅमिली डॉक्टरांनी त्याला मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायला सांगितलं, वीस मिनिटं त्याच्याशी बोलले आणि मग नाडी धरली. ७८ होती. त्यांनी ईसीजी काढला नाही. केसपेपरवर एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं आणि म्हणाले, ‘तिथून आलास की मला सांग, तोवर घड्याळ माझ्याकडे राहू दे.’ तो गेला. तीन आठवड्यांनी, पण गेला.